मलम सोसत नसेल तर?

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "महिना झाला स्टेरॉइडचं मलम लावतेय, पण हाताचं इसब हटत नाही, उलट पसरतंय." मला माझेच दिवस आठवले. खाज वाढली की मी मलमाचा थर वाढवायचे. ट्यूबमागून ट्यूब संपली, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मलमच सोसत नसेल तर?" मला हसूच आलं. ॲलर्जी शमवणाऱ्या स्टेरॉइडचीच ॲलर्जी, म्हणजे कुंपणानंच शेत खायचं!

पण तसंच निघालं. हे स्टेरॉइड सूज दाबतं ना, त्यात स्वतःविरुद्धचा पुरावाही दाबून टाकतं. अंगावर एकदम काही उठत नाही, इसब नुसतं रेंगाळतं आणि आपण रोगाला बोल लावत बसतो.

माझी पॅच टेस्ट केली. पाठीवर टिक्सोकॉर्टॉल पिव्हलेट, ब्युडेसोनाइड ही स्टेरॉइडं आणि आणखी काही पदार्थ पट्ट्यांनी चिकटवले. ४८ तासांनी पट्ट्या काढल्या, तर काही नाही. चौथ्या दिवशी पुसटसं. सातव्या दिवशी मात्र टिक्सोकॉर्टॉलच्या जागी लाल कडं, मधली त्वचा जवळजवळ साफ! मधे औषध जास्त, म्हणून तिथे सूज दबलेली. कडेला कमी, म्हणून तिथे उमटलेली. चौथ्या दिवशी "पुसटच तर आहे" म्हणून घरी बसले असते तर चुकलंच असतं. तूही ही टेस्ट करून घे आणि सातव्या दिवशी दाखवायला जाच.

टिक्सोकॉर्टॉल म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनच्या गटाची खूण, ते उमटलं की त्या गटातल्या स्टेरॉइडांची ॲलर्जी समजायची. माझं हायड्रोकॉर्टिसोन बंद झालं, मोमेटासोन हे दुसरं स्टेरॉइड मात्र छान सोसतं. तेव्हा स्टेरॉइड म्हटलं की सगळंच वाईट, असं मनात घेऊ नकोस. तुझ्या मावशीसारखं भलत्या टोकाला जायचं नाही.

कदाचित तुझं दुखणं स्टेरॉइडचं नसेलही. मलमातलं प्रॉपिलीन ग्लायकॉल, लॅनोलिन, टिकवण्यासाठी घातलेली रसायनं, मिश्र मलमातलं निओमायसिन हे अँटिबायोटिक, यांचीही ॲलर्जी होते. म्हणून रिकाम्या ट्यूबसुद्धा टाकू नकोस, सगळ्या घेऊन जा. नाकात मारतेस त्या स्प्रेमध्ये ब्युडेसोनाइड आहे, तेही सांग. टेस्टच्या आधी पाठीला मलम लावायचं नाही.

तारीख ठरली की कळव. त्या आठवड्यात पाठ ओली करता येत नाही, केस धुवायला मी येते.

तुझी,
आई