मालिकेतलं एखादं पुस्तक नको, अख्खी मालिका द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'मुलं वाचत नाहीत' अशी तक्रार आपल्या वाचकपत्रांच्या सदरात वरचेवर येते. उपायही ठरलेले असतात: मोबाइल काढून घ्या, रोज अर्धा तास सक्तीनं बसवा, थोरांची चरित्रं हाती द्या. मला थोडं वेगळं सांगायचं आहे. आपल्या सातारा जिल्ह्यातली वाचनालयं, शाळा आणि आईवडील या तिघांनाही ते सांगायचं आहे. आठ ते अकरा वर्षांच्या मुलाला एकाच नायकाची अख्खी मालिका मिळवून द्या आणि ती संपेपर्यंत त्याला हटकू नका.

माझं बालपण वाईत गेलं. वाईतच तयार होणाऱ्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचं नाव गावात घरोघरी आदरानं घेतलं जायचं. अशा गावातल्या मुलीनं काय वाचावं, याबद्दल आमच्या घरी ठाम मतं होती. बोधकथा, संतचरित्रं, थोर पुरुषांचं बालपण. ही पुस्तकं मी वाचली, त्यातली काही आवडलीही. पण पुस्तक संपलं की विषय संपायचा, दुसरं आणायला मी आपण होऊन कधी उठले नाही. उठले ती भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेसाठी.

फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला बनेश फेणे, अंगानं काटकुळा, सायकलवर सुसाट आणि तोंडात ते 'ट्टॉक्'! वाचनालयातल्या त्या प्रती मला अजून जशाच्या तशा दिसतात. जाड खाकी कव्हर, वर शाईनं घातलेला दाखल क्रमांक, पानांच्या कडा हाताळून काळ्या झालेल्या. मागच्या पुठ्ठ्यावर तारखांची चिठ्ठी असायची. ती भरली की तिच्यावरच दुसरी डकवायचे, मग तिसरी, त्यामुळे पुस्तकाचं मागचं अंग फुगलेलं असायचं. शेजारच्याच कप्प्यातल्या चरित्रांच्या चिठ्ठ्या मात्र जवळजवळ कोऱ्या. कोणतं पुस्तक मुलांना हवं आहे, हे त्या चिठ्ठ्यांवर जांभळ्या शिक्क्यांनी लिहिलेलंच होतं.

एका भागाचं शेवटचं पान गायब होतं. वरच्या वर्गातल्या एका ताईनं तो भाग तिच्या मामाकडे वाचलेला, म्हणून आम्ही दोघी-तिघी तिला गाठून गणपती घाटाच्या पायऱ्यांवर बसलो आणि शेवट वदवून घेतला. पुढे धड प्रत हाती आली तेव्हा कळलं, ताईनं पदरचं बरंच घातलं होतं. आता वाटतं, तिनं आम्हाला गोष्ट सांगायला शिकवलं. एका मालिकेमुळे पाच-सहा मुलींचं असं एक मंडळच झालं होतं. कोणाकडे कोणता भाग आहे आणि तो कधी परत जाणार, हे आम्हाला ग्रंथपालकाकांच्या आधी ठाऊक असायचं.

मालिकेत असं काय असतं, याचा मी शेजारपाजारच्या मुलांना वाचायला बसवताना खूप विचार केला. नवं पुस्तक उघडलं की पहिली काही पानं नुसती ओळखपाळखीत जातात. हा कोण, तो कोण, गाव कुठलं, भाषा कशी. तिसरी-चौथीतलं मूल अजून जोडाक्षरांशी झटत असतं, त्याला ही पानं चढासारखी वाटतात आणि तिथंच ते पुस्तक मिटतं. मालिकेचा दुसरा भाग हातात घेताना हा चढ नसतोच. माणसं ओळखीची, नावं नजरेनंच उचलली जातात. 'फुरसुंगी' हा शब्द पहिल्या भागात अडखळत वाचणारं मूल तिसऱ्या भागात त्याच्यावरून सरळ पुढे जातं. वाचनाचा वेग असा वाढतो, आणि वेग वाढला की गोडी लागते. शिवाय भागवतांच्या गोष्टीत संवाद भरपूर. पान भरगच्च दिसत नाही, मुलाला धीर येतो.

त्यातलं 'प्रतापगडावर फास्टर फेणे' मिळालं तेव्हाचा आनंद निराळाच होता. तोवर माझी समजूत अशी की पुस्तकातल्या गोष्टी पुण्यामुंबईत नाहीतर परदेशात घडतात. प्रतापगड तर आमचा! पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर आणि पुढे आंबेनळी घाटातून खाली. त्या वाटेची एसटी आमच्या स्टँडवर उभी असायची. जिथं आपण सहलीला जाऊन बुरुजावर डबे खाल्ले, ते ठिकाण छापील पानावर आहे, याचं काय अप्रूप वाटलं होतं! मग गडाचा खरा इतिहास हवासा वाटू लागला. १६५९ सालची अफझलखानाची भेट, मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली झालेलं गडाचं बांधकाम, हे सगळं मी शाळेच्या पुस्तकाबाहेर शोधून वाचलं. घरच्यांना जे वाचून हवं होतं तिथंच मी पोचले, फक्त मला कोणी ढकलावं लागलं नाही.

म्हणून 'सारखं तेच तेच काय वाचतोस?' हा प्रश्न ऐकला की मला मनापासून वाईट वाटतं. तेच तेच वाचणं ही त्या वयाची भूक आहे. पोट भरलं की मूल स्वतःच दुसरं ताट शोधतं. आमच्या आधीच्या पिढीनं ना. धों. ताम्हनकरांच्या गोट्याची पारायणं केली, आमच्या नंतरच्या मुलांना दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे भेटला. त्यांतले किती तरी जण आज कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, विज्ञानावरची पुस्तकं आवडीनं वाचतात.

आता आजची स्थिती. मध्यंतरी भाच्याला घेऊन जिल्ह्यातल्या एका वाचनालयात गेले होते. बालविभागाचं कपाट काचेचं, त्याला कुलूप आणि किल्ली ज्यांच्याकडे ते बाहेर गेलेले. पोरगं काचेला नाक लावून नावं वाचत उभं राहिलं. किल्ली आली तेव्हा कळलं की फास्टर फेणेचे वीसेक भाग, पण इथं चारच शिल्लक, बाकीचे फाटले नाहीतर गहाळ झाले. त्यानं दोन नेले, दोन आठवड्यांत परत केले, उरलेले दोन आणले आणि मग विचारलं, 'आत्या, पुढचे?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवडाभरात त्याच्या हातात पुन्हा मोबाइल दिसला.

यात मी कर्मचाऱ्यांना बोल लावत नाही. तुटपुंज्या वेतनावर ही माणसं वाचनालय उघडं ठेवतात. पुस्तक हरवलं तर पडताळणीच्या वेळी जाब त्यांनाच द्यावा लागतो, म्हणून कुलूप येतं. हा जाब विचारण्याची पद्धत बदलायला हवी. मुलांच्या पुस्तकांत काही फाटणार, काही हरवणार, हे संचालक मंडळांनी धरून चालावं आणि तेवढी सूट ग्रंथपालांना द्यावी. बालविभाग तरी मुक्तद्वार असलाच पाहिजे. मुलाला पुस्तक हातात घेऊन उलगडता आलं पाहिजे, चित्रं बघून परत ठेवता आलं पाहिजे.

दुसरं, खरेदीबद्दल. यादी करताना बालवाङ्मयातली सुटी सुटी पुस्तकं घेऊन संख्या भरली जाते. त्याऐवजी दरवर्षी एक मालिका पूर्ण घ्यावी आणि ती एकाच कप्प्यात सलग लावावी. जे भाग जास्त फिरतात त्यांच्या दोन प्रती असाव्यात. मालिकेतला एखादा भाग हरवला तर तेवढाच भाग आधी मागवावा, कारण मधलं एक पुस्तक नसलं की मूल अडतं.

आपल्या जिल्ह्यात भिलार आहे. ४ मे २०१७ रोजी ते पुस्तकांचं गाव झालं आणि घराघरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडली गेली, बालसाहित्यालाही तिथं जागा मिळाली. मला त्याचा फार अभिमान आहे, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी भिलार दाखवते. पण तिथं गेलेलं मूल तास-दोन तास रमतं आणि स्ट्रॉबेरी खाऊन परतीच्या गाडीत बसतं. मालिका रात्री अंथरुणात, जेवणाच्या पानावर, सुट्टीच्या दुपारी वाचायची असते, तेव्हा ती पेठेतल्या वाचनालयातून आणि शाळेच्या पेटीतूनच घरी यायला हवी. शाळांनी १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन करावाच. त्या दिवशी प्रत्येक वर्गाला एक मालिका मिळाली आणि ती वर्षभर वर्गातच फिरली तर त्या दिवसाचं काम पुढं चालत राहील.

ज्यांची मुलं मोठी झाली आहेत त्यांनाही एक विनंती. माळ्यावरच्या खोक्यांत हे भाग पडून असतील, तर रद्दीत देऊ नका. जवळच्या वाचनालयाला आधी कोणते भाग नाहीत ते विचारा आणि नेमके तेवढे नेऊन द्या. माझ्याकडचे मी भाच्याच्या त्या वाचनालयाला देणार आहे. तरी सहा भाग कमीच पडतात, त्यांची यादी मी ग्रंथपालांकडे ठेवली आहे.

बऱ्याच वाचनालयांची पुस्तकखरेदी मार्चअखेरीस होते. या याद्या निघण्याआधी हे पत्र छापून आलं, तर मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत पुस्तकं कपाटात लागलेली असतील.

आपली नम्र,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा