पीआरची फाईल नंतर, आधी घरातली नावं जुळवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची कराड तालुक्यातली, या जानेवारीत नवरा आणि मुलीसोबत कॅनडात ऑटवाला पीआर (परमनंट रेसिडन्स, म्हणजे कायम राहायची परवानगी) घेऊन आले, आणि तेव्हापासून गावाकडून, कॉलेजच्या ग्रुपमधून, नवऱ्याच्या मित्रांकडून फोन चालूच आहेत की ताई पीआरला काय काय लागतं, एजंट कोण केलेला, किती घेतले. मी सगळ्यांना एकच सांगते आणि तेच आज तुमच्या पेपरातून सांगावं म्हणून हे लिहितेय. तिकडचा फॉर्म अवघड नाहीये हो. अवघड आहेत ते आपल्या घरातल्या कपाटातले कागद, कारण प्रत्येक कागदावर आपलं नाव वेगळं असतं.

आधी थोडं मार्कांचं सांगते म्हणजे उशीर का महागात पडतो ते कळेल. एक्स्प्रेस एन्ट्री ही पीआरसाठी माणसं निवडायची कॅनडाची पद्धत २०१५ पासून चालू आहे, त्यात तुमचं वय, शिक्षण, इंग्रजी, नोकरी असं सगळं धरून १२०० पैकी गुण काढतात आणि त्या वेळच्या कटऑफच्या वर असाल तर पीआरचा अर्ज करायचं बोलावणं येतं. नवरा-बायको दोघं मिळून जाणार असाल तर मुख्य अर्जदाराच्या वयाला २० ते २९ पर्यंत १०० गुण आहेत, आणि तिशीपासून दर वाढदिवसाला ५ गुण कमी होतात, चाळिशीनंतर तर दहा-दहानं. म्हणजे आपल्याकडच्या ऑफिसात एखादा कागद चार महिने पडून राहिला आणि मध्ये वाढदिवस आला तर ते गुण कायमचे गेले, कुणी परत देत नाही.

माझं नेमकं हेच झालं. माझ्या बीएस्सी आणि एमसीएच्या सगळ्या मार्कलिस्ट माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या नावावर. डिग्री तपासून घ्यायला, म्हणजे आपली डिग्री तिकडच्या कुठल्या डिग्रीच्या बरोबरीची ते ठरवून घ्यायला, माझ्या वेळी युनिव्हर्सिटीकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या मार्कांचा उतारा, सीलबंद पाकिटात जावी लागायची, पाकीट चिकटवतात त्या जागेवर सही आणि शिक्का लागायचा. नोव्हेंबर २०२२ ला मी अर्ज केला. खिडकीवर सांगितलं अर्ज एका नावानं आणि रेकॉर्ड दुसऱ्या नावानं, आधी लग्नाचं सर्टिफिकेट आणा. ते आणलं तर त्यात माहेरच्या आडनावात एक अक्षर वेगळं. मग ॲफिडेव्हिट, मग परत खिडकी, मग ज्यांची सही पाहिजे ते साहेब रजेवर. तिकडे मार्च २०२३ मध्ये कटऑफ ४८१ पर्यंत खाली आला होता आणि माझा हिशोब ४८४ होता, पण डिग्रीचा रिपोर्ट हातात नाही म्हणून प्रोफाईलच टाकता येईना. एप्रिलमध्ये मला ३३ पूर्ण झाली, रिपोर्ट मेमध्ये आला आणि गुण झाले ४७९. त्यानंतर सगळ्यांसाठीचा कटऑफ ४८१ च्या खाली आलाच नाही, पुढच्या वर्षी तर सव्वापाचशेच्या आसपास आणि त्याच्याही वर गेला. एका अक्षरानं आमची दोन वर्षं गेली, हे मी कधीही विसरणार नाही.

पुढं मी फ्रेंच शिकले. फ्रेंच येणाऱ्यांना वेगळं बोलवतात आणि तिथला कटऑफ बराच खाली असतो. सकाळी साडेपाचला उठून मुलीचा डबा करायच्या आधी एक तास आणि रात्री एक तास असं दीड वर्ष केलं, वाचणं-लिहिणं-ऐकणं-बोलणं चारही भागांत सातवी लेव्हल काढली. तेवढ्यात इंग्रजीच्या परीक्षेची दोन वर्षांची मुदत संपली म्हणून आयईएल्टीएस पुन्हा दिली, तिची फी परत भरली. मार्च २०२५ मध्ये फ्रेंचवाल्यांसाठी ३७९ ला कटऑफ लागला आणि आम्हाला बोलावणं आलं. आता बोलावणं आलं म्हणजे ६० दिवसांत सगळे कागद अपलोड करायचे असतात, आणि खरी कसोटी तिथं होती.

माझा सख्खा भाऊ आधीच इथं कॅनडात पीआर आहे, त्याचे १५ गुण मी घेतले होते. ते नसते तरी माझं काम झालं असतं पण एकदा फॉर्मवर सांगितलं की सिद्ध करायलाच पाहिजे, की आमच्या दोघांचे आई-वडील तेच आहेत. म्हणजे दोघांचे जन्मदाखले आले. भावाचा नीट होता. माझा काढायला वडील ग्रामपंचायतीत गेले, १९९० चं रजिस्टर, पानांच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या, आणि माझ्या नोंदीत नावाच्या जागी नुसतं "स्त्री". वडिलांच्या जागी त्यांचं कागदोपत्री नाव नाही तर गावात ज्या नावानं हाक मारतात ते, आणि आईच्या जागी तिचं माहेरचं नाव. वडिलांनी फोनवर ती ओळ वाचून दाखवली आणि थांबले, मग म्हणाले, "बाळा, त्या टायमाला मीच सांगितलं आसंल, मला काय म्हाईत ह्याचं एवढं काम पडंल." ७१ वर्षांचा माणूस, स्वतःला दोष देत होता. मला रडायला आलं.

ग्रामसेवकांनी मनापासून मदत केली हे इथं सांगितलंच पाहिजे. शाळा सोडल्याचा दाखला, आई-वडिलांची आधार, दोघांची ॲफिडेव्हिट असं सगळं घेऊन त्यांनी नोंद दुरुस्त करून दिली. पण परत इंग्रजी स्पेलिंगचा प्रश्न. वडिलांच्या नावात ज्ञ आहे, आणि आपल्याकडे ज्ञ इंग्रजीत कुणी डी एन वाय नं लिहितं, कुणी जी वाय नं, कुणी डी वर सोडून देतं. भावाच्या पासपोर्टवर एक, माझ्यावर दुसरं, वडिलांच्या पॅनवर तिसरं. आपल्याला वाचताना एकच नाव वाटतं, पण तिकडं फाईल बघणाऱ्या माणसाला मराठी येत नाही, त्याच्यासाठी ही तीन माणसं आहेत. ५३ व्या दिवशी सगळं जुळलं.

मुलीच्या दाखल्याचंही तसंच. बाळंतपण माहेरी झालं, हॉस्पिटलच्या फॉर्मवर माझ्या काकूनं घाईत माझं माहेरचं नाव सांगितलं आणि तेच नगरपालिकेत गेलं. हे किती घरांत होत असेल विचार करा.

आता ज्यांनी नाव बदललंय त्यांना भीती वाटते की दोन नावं दिसली तर फाईल रिजेक्ट होईल. तसं नाहीये. फॉर्ममध्येच विचारलेलं असतं की तुम्ही आधी दुसरं कुठलं नाव वापरलंय का, तिथं माहेरचं नाव लिहायचं, लग्नाचं सर्टिफिकेट लावायचं, एक छोटं पत्र लिहून समजवायचं, बस. लपवलं तर मात्र गडबड आहे, खोटी किंवा अर्धवट माहिती दिली असं ठरलं तर पाच वर्षं कॅनडाचा दरवाजा बंद होतो.

आणि हे लपवायला कोण शिकवतं तर एजंट. आम्ही पण सुरुवातीला एकाकडे गेलो होतो, ६५ हजार ॲडव्हान्स घेतला. नवऱ्याच्या करिअरमध्ये सात महिन्यांची गॅप होती, सासऱ्यांचं ऑपरेशन झालेलं तेव्हाची. तो म्हणाला गॅप दाखवू नका, ओळखीच्या फर्मचं एक्स्पिरियन्स लेटर बनवून देतो. आम्ही उठलो, पैसे गेले ते गेले. अहो, गॅप असणं हा गुन्हा नाही, फॉर्ममध्ये मागच्या दहा वर्षांचा महिन्या-महिन्याचा हिशोब मागतात आणि तिथं "नोकरी नव्हती" असं लिहायची सोय आहे. रिकामी जागा सोडायची नाही एवढंच. फाईल स्वतः भरता येते, सरकारी फी तीच लागते, एजंट लावल्यानं नंबर आधी लागत नाही. आणि लावायचाच असेल तर पैसे घेऊन असं काम करायचा अधिकार फक्त तिकडच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचं लायसन्स असलेल्यांना, तिकडच्या वकिलांना, पॅरालीगलना (वकिलांसारखं ठराविक काम करणाऱ्यांना) आणि क्युबेकच्या नोटरींना आहे, ती यादी सगळ्यांना बघता येते, नाव टाकून बघा आणि मगच पैसे द्या. पेपरवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे की असली जाहिरात घेताना हा लायसन्स नंबर मागा आणि जाहिरातीत छापा.

नोकरीच्या पत्राचंही सांगते. आपल्या कंपन्या रिलीव्हिंग लेटर देतात त्यात नाव, पोस्ट आणि तारखा, संपलं. तिकडे त्यात काम काय करत होता, आठवड्याला किती तास, पगार किती हे सगळं लेटरहेडवर लागतं. नोकरी सोडतानाच मागून घ्या, पाच वर्षांनी एचआरमध्ये कुणी ओळखणारं राहत नाही.

पैशाचं थोडक्यात. आम्ही भरली तेव्हा दोघं मोठे आणि एक मूल मिळून फी ३३१० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे १७०. त्याशिवाय तिघांच्या कुटुंबाला २२,४८३ डॉलर खात्यात दाखवायचे होते, ही रक्कम दरवर्षी बदलते. शेत, घर, प्लॉट यातलं काही धरत नाहीत, कर्ज काढून दाखवलेलं चालत नाही, आणि बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लिहिलेली लागते. सासऱ्यांनी एफडी मोडून दिली त्याचं आम्ही गिफ्ट डीड, म्हणजे बक्षीसपत्र केलं.

माझं सरकारकडे मागणं एवढंच आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावायचं आपल्या राज्यानं ठरवलं, चांगलंच केलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. म्हणजे आता सगळं त्या एका कागदावर आलं. मग दाखला छापायच्या आधी आई-बापाला एक कच्ची प्रत दाखवा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग त्यांच्या पासपोर्टशी नाहीतर आधारशी ताडून बघू द्या आणि सही घ्या. याला नवीन कायदा नको, पाच मिनिटं पाहिजेत. आणि ज्यांच्या जुन्या नोंदीत नुसतं "स्त्री" किंवा "पुरुष" आहे त्यांच्यासाठी गावोगावी दुरुस्तीचे कॅम्प लावा, जसे आधारचे लावले होते.

माझ्या चुलत बहिणीची डिलिव्हरी पुढच्या महिन्यात कराडला आहे. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग मी मोठ्या अक्षरात टाईप करून काकूला व्हॉट्सॲपवर पाठवलंय, त्याची प्रिंट काढून तिनं हॉस्पिटलच्या पिशवीत, बाळाच्या दुपट्याखाली ठेवलीय.

आपली वाचक,
ऑटवा, कॅनडा (मूळ कराड, जि. सातारा)