दिव्यांगत्वाची फेरतपासणी आणि घरातली वही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात सरकारी योजनांच्या बातम्या नेहमी येतात, कुणाला किती मदत वाढली तेही कळते. पण ती मदत टिकवण्यासाठी दिव्यांगांना दर काही वर्षांनी वैद्यकीय मंडळासमोर पुन्हा उभे राहावे लागते, त्याविषयी कुणी लिहिलेले मी वाचले नाही. त्या तपासणीला कोणत्या तयारीने जावे हे मला कुणी सांगितले नव्हते. त्याची किंमत आमच्या घराने मोजली, म्हणून हे पत्र.

माझा मोठा भाऊ 46 वर्षांचा आहे. त्याला स्किझोफ्रेनिया होऊन 19 वर्षे झाली. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या आतल्या एका गावात राहतो. आई थकली आहे, दादाचे सगळे मीच बघते. त्याचे दिव्यांगत्वाचे पहिले प्रमाणपत्र तात्पुरते, म्हणजे मुदतीचे होते. त्याच्या आधारावर त्याला महिन्याची मदत मिळत होती. 2022 साली मुदत संपली आणि फेरतपासणीचे बोलावणे आले.

आदल्या रात्री मी त्याची दाढी केली, नखे कापली. सकाळी अंघोळ घालून इस्त्रीचा शर्ट चढवला. चार माणसांत माझा भाऊ नीटनेटका दिसावा एवढेच माझ्या मनात होते. पहिल्या बसने निघालो. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारले, "जेवण होतं?" दादा म्हणाला, "होतं." "झोप लागते?" "लागते." "काम काय करता?" "बागेत शिंपतो." चार महिन्यांत दोन दिवस त्याने पोफळींना पाणी घातले होते, तेही मी शेजारी उभी राहिले म्हणून. हे सांगायला तोंड उघडले आणि मिटले. त्याच्यासमोर त्याला काय काय जमत नाही याचा पाढा वाचायला जीभ रेटेना. माझ्या पिशवीत त्या महिन्याच्या गोळ्यांची एक चिठ्ठी होती, बाकी कागद नाही. दहा मिनिटांत आम्ही बाहेर आलो. दिव्यांगत्वाचे टक्के 40 च्या खाली गेले आणि मदत थांबली.

मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर स्वच्छ कपड्यांतला, शांत बोलणारा माणूस बसला होता. घरातला दादा त्यांना दाखवणारा एकही कागद मी नेला नव्हता.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्यात 21 प्रकारची दिव्यांगता धरली आहे आणि मानसिक आजार त्यात आहे. बहुतेक सवलतींसाठी 40 टक्क्यांची अट असते. हे टक्के कसे ठरतात ते मला मदत बंद पडल्यावर कळले. मानसिक आजारासाठी 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात चार गोष्टी बघतात: माणूस स्वतःची काळजी किती घेतो, लोकांशी कसा वागतो, बोलणे आणि समजणे कसे आहे, काम किती होते. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. त्यात आजाराच्या काळाचे गुण मिळवतात. एकूण 20 पैकी 7 गुण झाले की 40 टक्क्यांची रेषा लागते.

हे वाचले तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. मोजपट्टीत आजाराच्या नावाला गुणच नाहीत. अंघोळीला आहेत, शेजाऱ्याशी बोलण्याला आहेत, कामाला आहेत. ही माहिती रोज सोबत राहणाऱ्या माणसाकडून घ्यावी आणि जुने केसपेपर बघावेत, हेही त्या पद्धतीतच आहे. म्हणजे मला तिथे बोलायचा अधिकार होता आणि आजाराचा काळ दाखवणाऱ्या जुन्या चिठ्ठ्यांना मोल होते. त्यांतल्या अर्ध्या मी चुलीत घातल्या होत्या.

त्या दिवसापासून वही सुरू केली. शाळेची साधी दोनशे पानी. रोज रात्री दोन-तीन ओळी लिहायच्या, तारीख घालून. एक पान जसेच्या तसे देते: "अंघोळ नाही, चौथा दिवस. सकाळची गोळी गालात धरून ठेवली, दुपारी उशीखाली मिळाली. मामा आले तेव्हा मागच्या दाराने बाहेर गेला, दोन तास आला नाही. चहा करायला गेला, गॅस सुरू ठेवून निघून गेला. रात्री झोप दोन तास." यात 'फार त्रास होतो', 'हाल होतात' असे कुठेच नाही. तसे लिहून उपयोग नसतो. काय झाले, किती वेळा झाले आणि तेव्हा कुणाला धावावे लागले, एवढेच लिहावे.

चांगले दिवसही लिहावेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. चतुर्थीला दादाने माटोळी (गणपतीवर बांधतात ती फळा-पानांची आरास) बांधायला हात लावला होता. ते पान वहीत आहे. आजार चढतो-उतरतो, आणि नुसती वाईट पाने नेली तर वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही. शिवाय खोटे सांगून लाभ घेणाऱ्याला याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. खऱ्या आजाऱ्याच्या घरच्यांना वाढवून सांगायची गरजही पडत नाही. उलट आपण सवयीने कमी करून सांगतो. "बरा आहे हो आता," हे वाक्य आपण दारात आलेल्या पाहुण्याला सांगतो आणि डॉक्टरांनाही तेच सांगतो.

दुसरे काम कागद गोळा करण्याचे. दादा दोनदा इस्पितळात दाखल होता. त्या वेळचे कागद मागायला माझी छाती होत नव्हती, वाटायचे आपल्याला कोण देणार. पण डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागणी केली तर कागदपत्रे 72 तासांत द्यायची असतात. दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे ठेवायची सक्तीही त्याच नियमांत आहे. त्यापुढे त्या मिळतीलच असे नाही, म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच प्रत मागून घ्यावी. मागणी लेखी करावी आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. गुळगुळीत कागदावर छापलेले रिपोर्ट आमच्याकडच्या पावसाळ्यात वर्षभरात पांढरे पडतात, त्यांची झेरॉक्स लगेच काढावी. मी सगळे तारखेप्रमाणे एका फाईलला लावले, जुने खाली आणि नवे वर.

तिसरी गोष्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या पत्राची. आपल्याकडे ओपीडीची रांग दारापर्यंत असते. 'पत्र द्या' म्हटले की डॉक्टर आजाराचे नाव आणि गोळ्या लिहून देतात, ते मंडळाला आधीच ठाऊक असते. मी वहीतून एक पान तयार करून नेले. आजार कधीपासून, किती वेळा उलटला, गोळ्यांनी काय सुधारले आणि काय राहिले, गोळ्यांचाच त्रास काय होतो (दादाचे हात थरथरतात, दुपारी डोळा उघडत नाही), कोणती कामे सोबत माणूस असल्याशिवाय होत नाहीत. डॉक्टरांनी ते वाचले, चार प्रश्न मला विचारले, दोन दादाला विचारले आणि स्वतःच्या शब्दांत पत्र लिहिले. म्हणाले, "ताई, हे सगळं मला दर वेळी सांगत चला, म्हणजे केसपेपरवर त्या त्या दिवशीच येईल." तपासणीच्या आठवड्यात मिळवलेल्या पत्रापेक्षा दोन वर्षांच्या केसपेपरवरच्या एकेका ओळीचे वजन जास्त, हे तेव्हा मनात पक्के झाले.

आजार दुसरा असेल तर कागदही दुसरे लागतात. आमच्या नात्यातल्या एका काकांना अर्धांगवायू झाला. त्यांना डिस्चार्जचा कागद, स्कॅनचा रिपोर्ट आणि फिजिओथेरपीच्या नोंदी उपयोगी पडल्या. ऐकू न येणाऱ्याला कानाच्या तपासणीचा आलेख लागतो. पाय आणि डोळा असे दोन्ही अधू असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. 50 आणि 30 मिळून 80 होत नाहीत, सूत्राने साधारण 63 होतात. हे आधी माहीत नसल्याने एका बाईला मंडळाने फसवले असे वाटत राहिले होते.

दादाची पुन्हा तपासणी 2024 मध्ये झाली. या वेळी मी त्याची दाढी केली नाही. तो रोज जसा असतो तसा नेला. ते सोपे गेले नाही, बसमध्ये लोक बघत होते. आत गेल्यावर मी विचारले, "दादा, मी सांगू का?" त्याने मान हलवली. मग मी वही उघडली. त्याने एका जागी मला थांबवून दुरुस्तही केले: गॅस दोनदा नाही, तीनदा राहिला होता. मदत पुन्हा सुरू झाली. मधल्या काळाचे पैसे गेले ते गेले. त्या काळात बसभाडे आणि बाहेरून आणायच्या औषधासाठी आईने पाटल्या मोडल्या.

निर्णय पटला नाही तर याच कायद्याच्या कलम 59 प्रमाणे अपील करता येते. 2022 मध्ये ते मला ठाऊक नव्हते आणि प्रमाणपत्र हातात देताना कुणी सांगितलेही नाही.

2023 च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा पहिला महोत्सव झाला, त्याचा मला मनापासून अभिमान वाटला. गोव्याने हे करून दाखवले. त्याच सरकारकडे माझे मागणे लहान आहे. फेरतपासणीच्या बोलावण्यासोबत मराठीत आणि कोकणीत एक पान जोडावे: कोणते कागद आणावेत, घरच्या माणसाने काय सांगावे, अपील कुठे करावे. बोलावणे निदान दोन महिने आधी यावे. सांभाळणाऱ्या माणसाचे म्हणणे लिहून घ्यायला अर्जातच जागा असावी. आणि नवा निर्णय येईपर्यंत चालू असलेली मदत थांबवू नये.

सत्तरीत कुणाच्या घरी तपासणीची तारीख जवळ आली असेल आणि कागद लावायला कुणी नसेल, तर मी रविवारी दुपारी त्यांच्याबरोबर बसायला तयार आहे. माझे नाव आणि फोन नंबर आपल्या कार्यालयात सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे. तो छापू नये, पण विचारणाऱ्याला जरूर द्यावा.

आपली विश्वासू,
एक वाचक, वाळपई-सत्तरी