शर्ली मॅन्सन केवळ आवाजापुरती नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत नव्वदच्या दशकातल्या रॉक संगीतावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण ‘गार्बेज’ या बँडची त्यात एका वाक्यात बोळवण झाली आहे. ‘निर्व्हाना’ या बँडच्या अल्बमचा निर्माता बुच व्हिग याचा स्टुडिओतला प्रयोग आणि गायला एक स्कॉटिश गायिका, असा त्या वाक्याचा सूर आहे. त्या गायिकेबद्दल, म्हणजे शर्ली मॅन्सनबद्दल, हे असेच वर्षानुवर्षे लिहिले जाते. ते तिच्यावर अन्याय करणारे आहे, म्हणून हे पत्र.

व्हिग, स्टीव्ह मार्कर आणि ड्यूक एरिकसन हे तिघे अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात आधीपासून एकत्र काम करत होते, हे खरे. पण शर्लीही नवखी नव्हती. १९६६ साली एडिनबर्गमध्ये जन्मलेली ही मुलगी ‘गुडबाय मिस्टर मॅकेन्झी’ या स्कॉटिश बँडमध्ये कित्येक वर्षे कीबोर्ड वाजवत होती आणि मागे उभी राहून साथीला गात होती. पुढे ‘एंजलफिश’मध्ये ती मुख्य गायिका झाली. त्या बँडचा व्हिडिओ एमटीव्हीवर मार्करच्या पाहण्यात आला आणि तिला बोलावणे गेले. लंडनमध्ये चौघांची पहिली भेट झाली ८ एप्रिल १९९४ रोजी. ‘निर्व्हाना’चा गायक कर्ट कोबेनच्या मृत्यूची बातमी जगाला कळली तो हाच दिवस. मॅडिसनमधली पहिली चाचणी फसली. ‘एंजलफिश’ मोडल्यावर तिने पुन्हा संधी मागितली आणि दुसऱ्या खेपेला मात्र सूर जुळले.

१९९५ च्या पहिल्या अल्बममधले ‘स्टुपिड गर्ल’ हेडफोन लावून ऐकावे. त्यातला ड्रमचा तुकडा ‘द क्लॅश’च्या ‘ट्रेन इन व्हेन’मधून उचलून सलग फिरवला आहे. त्यावर बास, गिटार, यंत्रांचे आवाज असे थरावर थर. एवढ्या गर्दीत दुसरी कुणी गायिका आवाज चढवून वर राहू पाहील. शर्ली उलट आवाज खाली आणते, शब्द जवळजवळ बोलल्यासारखे टाकते आणि तरीही कान तिच्यावरच खिळतो. ही करामत मिक्सिंगच्या टेबलावर होत नाही. शिवाय बँडच्या गाण्यांतले बहुतेक शब्द तिचे आहेत. राग, भीती, स्वतःविषयीचा तिटकारा, हे सगळे तिने आडपडदा न ठेवता लिहिले. १९९८ च्या ‘व्हर्जन २.०’ला ग्रॅमीत वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे नामांकन मिळाले, त्यात या लेखणीचा वाटा मोठा आहे. लेखात उल्लेख आहे तो बाँडपट, ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’, १९९९ चा. त्याचे शीर्षकगीत ‘गार्बेज’ने गायले, पण ते रचले डेव्हिड अर्नोल्ड आणि डॉन ब्लॅक यांनी, त्यामुळे बँडची ओळख म्हणून ते पुढे करणे मला पटत नाही.

लेख तिथेच थांबतो. त्यापुढची वर्षे मला जास्त मोलाची वाटतात. तिसरा अल्बम आला ऑक्टोबर २००१ मध्ये, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, आणि त्या काळोखात तो झाकोळून गेला. शर्लीच्या स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया झाली. २००५ च्या अल्बमनंतर बँडने दीर्घ विश्रांती घेतली. मधल्या काळात तिने एकट्याने गाणी केली, पण रेकॉर्ड कंपनीला ती मानवली नाहीत आणि तिने कंपनीच्या तालावर नाचायला नकार दिला. २०१२ मध्ये चौघे परतले ते स्वतःचे लेबल काढून. २०२१ च्या अल्बमचे पहिलेच गाणे जगावर सत्ता गाजवणाऱ्या पुरुषांवर तुटून पडते. २०२४ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तिला दौरा सोडावा लागला. तरी मे २०२५ मध्ये आठवा अल्बम आला, तेव्हा ती ५८ वर्षांची होती. १९९५ चे तेच चौघे आजही एकत्र आहेत. व्हिगचा कुठलाही स्टुडिओतला प्रयोग तिच्याशिवाय इतका टिकला असता, असे मला वाटत नाही.

पुरवणीत या आठव्या अल्बमचे परीक्षण अद्याप आलेले नाही. ते जरूर छापावे आणि त्यात गीतकार म्हणून तिचे नाव असावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे