पाणी थांबवणाऱ्या काकांना

काका, स.न.वि.वि.

तुम्ही मोबाइलवर असलं काही वाचत नाही, म्हणून हे मोठ्यानं वाचून दाखवायला तुमच्या मुलाला सांगितलंय.

सांगलीत बसून समुद्र पाळायचा माझा नाद घरात कुणालाच पटलेला नाही. खाऱ्या पाण्यातल्या माशांची 200 लिटरची टाकी, लिटरमागे 35 ग्रॅम मीठ. उन्हाळ्यात पंखा लावला की रोज पाचेक लिटर पाणी उडून जातं, मीठ मात्र तिथंच राहतं. तेवढं आरओचं गोडं पाणी टाकीत सोडायला सेन्सरवाला छोटा पंप होता. पण तो ज्या 60 लिटरच्या ड्रममधून ओढतो, तो ड्रम भरायचा मीच. आरओची नळी आत सोडायची आणि विसरायचं. दोनदा हॉलमध्ये तळं झालं, तिसऱ्यांदा खालच्या वहिनींच्या छतातून ठिबकलं. मग मी तुमच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात आलो.

ड्रम आपोआप भरला पाहिजे, एवढंच मी घोकत होतो. हातातली तार खाली न ठेवता तुम्ही म्हणालात, "भरंल की. बंद कसं हुणार ते सांग. सांगलीत राहतोस, आन पाणी थांबवायचं शेवटाला बघतोस व्हय रं?" 2019 ला कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली, तेव्हा बुडालेल्या मोटारी किती दिवस तुमच्या दारात वाळत होत्या, ते मी बघितलं होतं. गप्प बसलो.

मला एकच फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वरखाली होणारा स्विच, पुरेसा वाटत होता. तुम्ही दोन लावलेत: खालचा टेकला की चालू, वरचा उचलला की बंद, मधे रिलेचं होल्डिंग, म्हणजे पाणी दोघांच्या मधे असलं की आधीचीच स्थिती टिकते. सारखी चालू-बंद झाली तर मोटार जळते, हे तुमचं कारण. माझ्या कामाला ते वेगळ्याच वाटेनं लागू पडलं. आरओ बंद असताना मेंब्रेनमधून, म्हणजे गाळणाऱ्या पडद्यातून, क्षार पलीकडे झिरपतात, त्यामुळे सुरुवातीच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, जास्त येतो. लिटर-लिटरला मशीन सुरू झालं असतं तर तेच पाणी ड्रममध्ये साठलं असतं.

वरच्या फ्लोटच्या दोन बोटं वर बॉलकॉक. तो अडला की नळीत दाब चढतो आणि मशीनमधला हाय प्रेशर स्विच पंप तोडतो. सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, असा की वीज गेली की मिटणारा. शिवाय टायमर. एवढं करूनही तुम्ही ड्रमच्या काठाखाली भोक पाडून नळी मोरीत सोडलीत. "सगळं फसलं तर पानी मोरीत. वहिनीकडं न्हाई."

बॉलकॉक तुम्ही आधी पितळी आणला होता. पितळेतलं तांबं पाण्यात उतरलं तर कोळंबी नि प्रवाळ मरतात, असं मी भीत भीत सांगितलं. "पितळंनं मरतंय?" म्हणून तुम्ही तो दोनदा उलटापालटा करून बघितलात, खिशात टाकलात आणि भर उन्हात परत जाऊन प्लास्टिकचा आणलात.

मे महिन्यात आम्ही दोन वर्षांनी पहिल्यांदा सहा दिवस रत्नागिरीला जाऊन आलो. निघताना ड्रम तळाला आला होता. परतलो तर निम्म्याच्या वर. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर 35. फरशी कोरडी.

तुम्ही नुसत्या सामानाचे पैसे घेतलेत. मजुरी राहिलीय. नातवाला घेऊन रविवारी संध्याकाळी या, मासे दिवे जायच्या आधी खातात.