पातेल्याला कल्हई

सातारा,
गुरुवार, दुपार

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

फोनवर मी तोंड उघडलं की तुझी मीटिंग निघते, म्हणून हे पत्र. शिवाय परवा आपलं बोलणं जिथे तुटलं तिथून ते पुन्हा जोडायला मला जायचं नाही. वृंदाचा विषय काढणार नाही, असं आत्यापुढे कबूल केलंय.

तू पाठवलेला फोटो पाहिला. सार छान दिसत होतं, वर कढीपत्तासुद्धा. कौतुक वाटलं मला. बाबांना शेवटपर्यंत चहापलीकडे काही जमलं नाही, आणि तो चहाही कसा असायचा ते तुला माहीत आहे. पण मग मी फोटो बोटांनी मोठा केला. साराच्या वर, पातेल्याच्या आतल्या कडेला बोटभर पट्टा पिवळा दिसतोय. कल्हई उडालीय तिथली, आतला कथलाचा थर. आणि तू त्यात टोमॅटोचं सार केलंस! दोन रात्री मी त्याच विचारात आहे.

पातेलं नेलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्या दिवशी तुझ्या बॅगेत शर्ट कमी आणि भांडी जास्त, त्यात मी ओगराळं परत काढून घेतलं म्हणून तू चिडलास. पंगतीत वरण वाढायचं ते भांडं, एकट्या माणसाला कशाला लागतंय, असं बोलून गेले. नको होतं बोलायला.

तर कल्हई. पितळेत तांबं असतं. आंबट लागलं की ते सुटतं आणि पदार्थात उतरतं. मग आपण म्हणतो, ताक कळकलं. तुझा धाकटा मामा सात वर्षांचा होता तेव्हा असंच कल्हई गेलेल्या पितळी गंजात, त्या उभट भांड्यात, राहिलेलं ताक गटागटा प्यायला. उन्हाळ्याचे दिवस. रात्रभर उलट्या. माझ्या आईनं सकाळी गंज उजेडात नेऊन पाहिला तर कडेला हिरवट कड धरलेली. मामा वाचला, पण आई पुढे वर्षभर प्रत्येक भांड्यात डोकं घालून बघायची. तीच खोड माझ्यात आलीय. हसू नकोस.

आपल्या वाड्यात कल्हईवाला यायचा ते तुला आठवत असेल का? तू चार-पाच वर्षांचा असशील. आडाजवळ हातभर खड्डा करून तो त्यात कोळसे पेटवायचा, भात्याचं तोंड मातीनं लिंपून बसवायचा. पातेलं तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा. पांढरा धूर यायचा, नाकाला झोंबणारा, आणि तू माझ्या पदरात तोंड खुपसून तरी एका डोळ्यानं बघायचास. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. ती लोण्यासारखी विरघळली की कापसाच्या बोळ्यानं गर्रकन फिरवायची, आणि काळंपिवळं भांडं आतून चांदीसारखं. शेवटी बादलीत बुडवलं की चर्र. तुझी टाळी त्या चर्रला असायची.

ते पातेलं आजोबांनी पुण्याहून, कसब्यातल्या तांबट आळीतून आणलेलं. बाहेरून हात फिरवलास तर ठोक्यांचे बारीक चट्टे लागतील. त्याला मठार म्हणतात. मला वाटायचं ती नक्षी आहे. आजोबा म्हणायचे, नक्षी आहेच, पण ठोकल्यानं पत्रा कठीण होतो. काठाखाली टिंबाटिंबांनी आज्जीचं नाव आणि लग्नाचं साल कोरलंय, १९४८. त्यात नेहमी दहा माणसांची आमटी व्हायची. तुझं एवढंसं सार त्याच्या तळाशी कसं बसलं असेल हे मी बघतेय.

काही गोष्टी सांगते, भाषण वाटलं तर वाटू दे. रिकामं पातेलं गॅसवर ठेवून फोनला जाऊ नकोस. कथील २३२ अंशांना वितळतं, हे बाबांच्या वहीत त्यांच्या अक्षरात आहे. तारेच्या घासणीनं घासू नकोस, चमचा लाकडी वापर. कल्हई शुद्ध कथलाची आहे ना ते विचारून घे. स्वस्तात देतो म्हणणारे शिसं मिसळतात, आणि ते ताक कळकण्याहून वाईट. हैदराबादला ‘कलई’ म्हणून विचारलंस तर जुन्या बाजारात कुणीतरी भेटेल. आणि रात्री साडेदहाला जेवू नकोस. माफ कर, हे कल्हईत येत नाही.

पाटा-वरवंटा मात्र मागू नकोस, तो मी हलवणार नाही. त्याला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं टोचून खरखरीत करायला, बाई यायची, तिची हाक गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायची. टाकी लावलेल्या पाट्यावर आज्जी आधी मूठभर तांदूळ वाटून फेकून द्यायची, म्हणजे दगडाची कच निघून जाते. त्यानंतर पहिलं वाटण खोबऱ्या-लसणाचं. वृंदाला तीच चटणी लागायची. बघ, काढलाच विषय. आत्याला सांगू नकोस.

फोटोत ताट एकच होतं. ते असणारच, मला कळतं. तरी बघितलं.

काल माळ्यावर आज्जीची मापं सापडली. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. १९५८ पासून सरकारनं किलो आणला, दुकानदारांनीही हळूहळू शेर सोडला, पण आज्जी मरेपर्यंत तांदूळ चिपट्यानंच घ्यायची. माणशी अर्धं कोळवं, चौघांना चिपटं, आणि कुणी आलंच तर म्हणून वर एक मूठ. तुला कोळवं पाठवणार होते, एकट्याला दोन वेळचं होतं. ते गळतंय, बुडाचा झाळ सुटलाय. म्हणून चिपटंच ठेवलंय डब्यात. भात उरला तर सकाळी फोडणी दे.

तू स्वतः रांधून खातोस याचा मला अभिमान आहे, हे मी शेजारच्या काकूंना सांगितलं, तुला सांगायचं राहिलं. त्यांनी विचारलं, "बारीक झालाय का?" मी म्हटलं, फोटोत नुसतं पातेलं आणि ताट आहे.

खरं तर कल्हईवाला आता इथेही क्वचित दिसतो. पण मंडईच्या मागे एक म्हातारा मंगळवारी बसतो, परवा जाऊन विचारून आले. मोठं पातेलं आहे म्हटल्यावर म्हणाला, घेऊन या, डोळ्यांनी बघितल्याशिवाय दर सांगत नाही. तिथे कुणी मिळालं नाही तर पातेलं घेऊन तूच ये. सोमवारी रात्रीच्या बसनं निघालास तर मंगळवारी सकाळी पोचशील. तोवर त्यात कांदे-बटाटे ठेव. सार नको. दही तर मुळीच नको.

तुझी,
आई

ता. क. ओगराळं घासून ठेवलंय. येशील तेव्हा हवं तर ने.