‘दोन इंची’ जिराफाबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आफ्रिकन सिक्लिड (आफ्रिकेतल्या सरोवरांतले शोभेचे मासे) चुकीच्या नावाने आणि पूर्ण वाढीचा आकार न सांगता विकल्याबाबत.

महोदय,

फेब्रुवारी २०२४ मध्ये तुमच्या संकेतस्थळावरून मी आठ मासे मागवले. इलेक्ट्रिक यलो चार, ब्लू झेब्रा तीन आणि जिराफ सिक्लिड एक. थर्माकोलच्या खोक्यात पिशव्या नीट बांधून आल्या, एकही मासा दगावला नाही, आणि मी खूश होऊन पाच तारे देऊन टाकले. ते परत घ्यायची सोय तुमच्याकडे दिसत नाही, म्हणून हे पत्र.

मी मासे न विचारता घेतले नव्हते. गप्पी आणि गोल्डफिश पाळून झाले होते, आफ्रिकन पहिल्यांदाच घेत होतो. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर टाकीचे माप कळवले : तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण १९० लिटर. मोठे झाल्यावर मावतील का, हेही विचारले. उत्तर आले, “आरामात सर. मासा टाकीएवढाच वाढतो.” हा संवाद सोबत जोडला आहे.

जिराफ आला तेव्हा दोन इंचांचा होता. फिकट पिवळ्या अंगावर तपकिरी ठिपके, दिसायला गोजिरवाणा. पंधरा महिन्यांनी, म्हणजे या मे महिन्यात, काचेला पोलादी पट्टी लावून मोजला तर सात इंच भरला. डोक्यावर निळी झाक चढायला लागली आहे, म्हणजे नर आहे. याचे शास्त्रीय नाव निम्बोक्रोमिस व्हेनुस्टस. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात लहान मासे टिपून खाणारा शिकारी. तो नऊ-दहा इंचांपर्यंत जातो आणि त्याला निदान सहा फुटी टाकी लागते. टाकीएवढाच वाढायचे त्याने काही मनावर घेतलेले नाही. तुमच्या पानावर ‘आकार : २ इंच’ असे लिहिले आहे. तो पिशवीतला आकार. लग्न जुळवताना मुलाच्या वयाच्या रकान्यात त्याच्या बारशाचा फोटो चिकटवावा, तसला हा प्रकार झाला.

आता ब्लू झेब्रा. तिघे निळे, अंगावर गडद उभे पट्टे. सातव्या-आठव्या महिन्यात त्यातला एक पिवळा पडू लागला. मला वाटले रोग आहे. मीठ टाकले, पाणी बदलले, दोन दिवस उपाशी ठेवला. तुमच्या माणसाला फोटो पाठवला तर तो म्हणाला, यलोसोबत राहून रंग उतरला असेल. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असे आपण म्हणतो. इथे मात्र वाण लागला आणि गुण लागायचा राहून गेला. यलो बिचारे मलावीच्या खडकांतल्या माशांमध्ये त्यातल्या त्यात गरीब. याने महिन्याभरात सगळी टाकी ताब्यात घेतली. उरलेल्या दोन निळ्या फिल्टरच्या पाइपामागे उभ्याने अंग चोरून राहतात, शेपट्या कुरतडलेल्या. घरात त्याचे नाव पाटील पडले आहे.

तो ब्लू झेब्रा नव्हेच. केन्यी म्हणतात तो, मेलॅन्डिया लॉम्बार्डोई. पिल्ले सगळी निळी आणि पट्टेदार, माद्या जन्मभर निळ्या, नर मात्र वयात येताना पिवळा होतो. यलोशी घोटाळा व्हायचेही कारण नाही. यलोच्या पाठीच्या पराला काळी पट्टी असते, ठसठशीत. पाटलाला ती नाही, अंगावर पुसट पट्टे आहेत आणि पोटामागच्या परावर अंड्यासारखे पिवळे ठिपके. मी शिकाऊ, मला हे शोधायला चार रात्री लागल्या. तुमचा रोजचा धंदा आहे. पिल्ले सारखी दिसतात हे मान्य, पण ज्याच्याकडून आणली त्याच्याकडे आईबाप होतेच ना?

पुढचे लिहिताना मला अजून संताप येतो. पाटलाची दादागिरी कळवल्यावर तुमच्याकडून सल्ला आला की मासे वाढवा, म्हणजे मार वाटला जातो. सल्ला सरसकट खोटा नाही, खडकातल्या सिक्लिडची टाकी थोडी भरलेली ठेवतात हे मी नंतर वाचले. पण टाकीत सात इंची जिराफ आहे हे तुम्हाला ठाऊक होते, फोटो तुमच्याकडे होता. तरी तुम्ही मला दीड इंची यलो पाच विकलेत, १८० रुपयांना एक. नऊ दिवसांत दोन उरले. मी फिल्टर उघडून पाहिला, टाकीमागे फरशीवर पाहिले, मांजरावर आळ घेतला. दहाव्या दिवशी सकाळी दिवा लावला तर जिराफाच्या तोंडातून पिवळी शेपूट बाहेर आलेली. अजून हलत होती. माझी मुलगी शेजारीच उभी होती. थोडक्यात, ९०० रुपयांचे खाद्य तुम्ही मला मासे म्हणून विकलेत.

मोठे मासे परत घ्या म्हटले तर फोनवरच्या बाईंनी सुचवले, “नदीत सोडून द्या ना सर, सांगलीत नदी आहे.” बाई, भिगवणला कधी चिलापी खाल्लीत? ती आफ्रिकेतलीच, याच सिक्लिडांच्या कुळातली. १९५२ मध्ये भारतात आणली, आणि आज तिथल्या उजनी धरणात टाकलेल्या जाळ्यात काय येते ते कुठल्याही कोळ्याला विचारा. कृष्णेत आणखी एक पाहुणा सोडायचे पाप मी करणार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा निघालेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्यातच आहे. जिराफाचे ४५०, तीन केन्यींचे ६६० आणि पाच यलोंचे ९००, असे २,०१० रुपये परत करावेत आणि जिराफ व पाटील दोघांना तुमच्या खर्चाने घेऊन जावे. दोन्ही माद्या मी ठेवून घेतो, त्यांचे पुष्कळ हाल झालेत. आणि प्रत्येक माशाच्या पानावर शास्त्रीय नाव, पूर्ण वाढीचा आकार आणि किमान किती फुटी टाकी लागते, एवढे छापा. तुमच्या पानावरचा ‘मिक्स आफ्रिकन’ नावाचा मासा कुठल्याही सरोवरात नसतो. महिन्याभरात उत्तर आले नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे जाईन.

माणूस पाठवाल तेव्हा मोठी पिशवी द्या. जिराफ आला ती पिशवी मी जपून ठेवली आहे, पण आता तीत त्याचे डोकेच मावेल.

आपला,
एक ग्राहक, सांगली

सोबत : पावत्या, व्हॉट्सअ‍ॅप संवाद, पट्टी लावून काढलेले फोटो.